नवरा समुद्रापार असताना

स्पेनमधल्या कास्तील राज्याच्या १५०५ सालच्या कायद्यांत ८२ क्रमांकाचं एक कलम आहे. नवऱ्याने बायकोला आणि तिच्या याराला रंगेहाथ पकडलं, दोघांना स्वतःच्या हाताने मारून टाकलं, आणि ते मारणं रास्त होतं असं ठरलं, तरी बायकोचा हुंडा आणि त्या दोघांची मालमत्ता त्याला मिळणार नाही. ती हवी असेल तर कोर्टाची पायरी चढावी आणि न्यायाधीशाकडून शिक्षा करवून घ्यावी.

खून करू नकोस, असं हे कलम म्हणतच नाही. करायचाच असेल तर हुंड्यावर पाणी सोड, एवढंच म्हणतं. मी ते दोन-तीनदा वाचलं. आधी संताप आला. मग कायदा लिहिणाऱ्यांचं जरा कौतुकही वाटलं, कारण त्यांना माणसं चांगलीच माहीत होती. डोकं फिरलेल्या नवऱ्याला नरकाची भीती घातली तर त्याला ती ऐकू येणार नाही, पण शेतमळा हातचा जाईल म्हटलं तर कदाचित येईल. बाईच्या जिवाची किंमत या कलमात कुठेही लिहिलेली नाही, तिच्या हुंड्याची मात्र आहे, आणि त्या हुंड्याच्या आडोशाला तिचा जीव वाचला तर वाचला.

सोळाव्या शतकातलं स्पेन आणि त्याने समुद्रापार बळकावलेला मुलूख, तिथली लग्नं आणि तिथल्या बायका यांविषयी मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचते आहे. मी वकील नाही की इतिहासाची प्राध्यापक नाही. पण आमच्या कोकणातल्या घरी जमिनीच्या कागदांचा इतका पसारा आहे, की कुठल्याही देशाचा, कुठल्याही शतकातला दस्त समोर आला की माझे डोळे आपोआप ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ शोधायला लागतात. त्या स्पॅनिश दस्तांत बायका इतक्या आहेत की थक्क व्हायला होतं.

तर हे कायदे तोरो नावाच्या गावी जाहीर झाले. दुएरो नदीच्या काठावर, उंच कड्यावर वसलेलं गाव. राणी इसाबेल १५०४च्या नोव्हेंबरात वारली. जुने कायदे एकमेकांशी भांडतात, ते एकदा नीट लावा, असं ती मृत्युपत्रात सांगून गेली होती. पुढच्याच वर्षी तोरोला राज्याच्या प्रतिनिधींची सभा भरली आणि ८३ कलमं निघाली, ती तिच्या मुलीच्या, हुआनाच्या नावाने. बायकोने नवऱ्याच्या परवानगीशिवाय काय करू नये, याची कलमंही त्यात होती. ज्या राणीच्या नावाने ती निघाली ती तेव्हा फ्लँडर्समध्ये होती, आणि इकडे तिचं राज्य कोणी चालवायचं यावरून तिचा बाप फेर्नान्दो आणि नवरा फेलिपे यांची ओढाताण चालली होती. नवरा १५०६ साली मेला. १५०९पासून आधी बापाने आणि मग पोटच्या मुलाने तिला तोर्देसियासला कोंडून ठेवलं, ते १५५५ साली ती मरेपर्यंत. तोर्देसियास त्याच दुएरोच्या काठी आहे, तोरोपासून फार लांबही नाही. कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अति झालं.

आता पैशाचं बघू.

लग्न ठरलं की नोटरीसमोर हुंड्याचा कागद व्हायचा. त्यात पलंग, चादरी, उशांचे अभ्रे, चांदीची भांडी, द्राक्षमळा, घर, कधीकधी गुलाम माणसंसुद्धा, एकेक बाब आणि तिच्यापुढे किंमत. हे सगळं आपल्याला पोचलं, असं नवरा कबूल करायचा. लग्न संपलं, म्हणजे दोघांपैकी एक मेलं किंवा चर्चने दोघांना विभक्त केलं, तर तेवढ्या किमतीचं परत देईन, असंही लिहून द्यायचा. आपल्याकडचा हुंडा सासरच्या उंबऱ्याआत गेला की गडप होतो. तो हुंडा नवऱ्याच्या हातात असायचा, पण खातं बायकोचं. नवऱ्याचं दिवाळं वाजलं तर बऱ्याचशा सावकारांच्या आधी बायको रांगेत उभी राहायची. शिवाय नवऱ्याने आपल्या मालमत्तेतून बायकोला आर्रास, म्हणजे नवरदेवाची लग्नातली भेट, द्यायचे. हौशी नवरदेवांनी वाहवत जाऊ नये म्हणून ते मालमत्तेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नकोत, हा जुना नियम तोरोने पुन्हा बजावला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लग्नानंतरच्या कमाईची. संसार चालू असताना दोघांपैकी कोणीही जे कमावलं, विकत घेतलं, वाढवलं, ते निम्मं त्याचं आणि निम्मं तिचं. तिने कमावलं का, घराबाहेर पाऊल टाकलं का, हे कोणी विचारायचं नाही. वारसाहक्कातही मुलगा आणि मुलगी दोघं वारस. बापाला मर्जीने वाटायला इस्टेटीचा फक्त पाचवा हिस्सा मोकळा, बाकीची मुलांची. त्यातलाही तिसरा हिस्सा एखाद्या लाडक्या मुलाला किंवा मुलीला जास्तीचा देता यायचा, पण एखाद्याला सरसकट बाहेर ठेवायचं तर कायद्याला पटेल असं कारण लागायचं. बड्या घराण्यांनी राजाकडून परवाना काढून सगळं थोरल्या मुलाच्या नावाने बांधून टाकायची पळवाट शोधली होती, हे खरं. पण शिंप्याच्या, लोहाराच्या, खलाशाच्या घरात वाटणी व्हायची, आणि त्या वाटणीत मुलीचं नाव असायचं. ते नावही लग्नानंतर बदलायचं नाही. स्पेनमध्ये आजही बायका लग्नानंतर आपलंच आडनाव लावतात.

त्याच काळात इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला कायद्याच्या दृष्टीने वेगळं अस्तित्वच नव्हतं. तिचं रोख, दागिने, सामान लग्नाच्या दिवशी नवऱ्याचं होऊन जायचं. तिथल्या बायकांना स्वतःच्या मालमत्तेवर नीट हक्क मिळायला १८७० आणि १८८२चे कायदे यावे लागले. आपण इंग्रजांकडून कायदा शिकलो, त्यामुळे ‘युरोपात बायकांना हक्क नव्हते’ असं आपण सहज बोलून जातो, तेव्हा डोळ्यांसमोर इंग्लंडच असतं.

एवढं वाचून हुरळून जायचं नाही. मीही फार वेळ हुरळले नाही, कारण ५४ ते ५९ ही कलमं पुढेच होती.

बायकोने नवऱ्याच्या परवानगीशिवाय वारसा नाकारू नये. करार करू नये, केलेला करार मोडू नये. कोर्टात वादी म्हणून किंवा प्रतिवादी म्हणून उभं राहू नये. नवरा एकदाच सर्वसाधारण परवानगी देऊ शकतो, किंवा तिने आधीच केलेल्या व्यवहाराला नंतर मान्यता देऊ शकतो. म्हणजे पेटी तिची, पेटीतलं सोनं तिचं, आणि किल्ली त्याच्या कमरेला. नवरा असेपर्यंत तिचा हक्क कागदावर झोपलेला, तो जागा व्हायचा नवरा गेल्यावर. त्या समाजात सगळ्यात मोकळी बाई कोण, तर विधवा. ती स्वतःच्या सहीने घर विकायची, व्याजाने पैसे लावायची, दुकान चालवायची, मुलांची पालक व्हायची. पुन्हा लग्न केलं की पालकपद जायचं आणि किल्ली नव्या माणसाच्या कमरेला. वैधव्याने बाईची उरलीसुरली पतही जायची अशा घरांत वाढलेल्या आपल्याला हे उलटं वाटतं.

बाईने नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये, असंही ६१वं कलम सांगतं. हेतू चांगला होता. नवरे बायकोच्या हुंड्यावर कर्ज काढतात, हे कायद्याला ठाऊक होतं. प्रत्यक्षात काय व्हायचं, ते नोटऱ्यांच्या वह्यांत दिसतं. कर्जाच्या दस्तात नवऱ्याबरोबर बायकोही आहेच, आणि तिच्या तोंडी ठरलेली वाक्यं आहेत. नवऱ्याकडे मी परवानगी मागितली आणि त्याने ती दिली. जस्टिनियन, वेलेयानो (हे जुने रोमन कायदे) आणि तोरोचे जे कायदे बायकांच्या रक्षणासाठी आहेत ते मला नोटरीने समजावून सांगितले आणि मी ते सोडून देते. मग देवाची आणि क्रुसाची शपथ, की हे मी माझ्या खुशीने करते आहे, नवऱ्याने मला भरीला घातलेलं नाही की धाक दाखवलेला नाही. आणि शेवटी पुष्कळदा, सही करता येत नसल्यामुळे तिच्या वतीने एका साक्षीदाराने सही केली आहे.

ही वाक्यं वाचताना मला माझ्या आत्याचं हक्कसोडपत्र आठवलं. राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, भावांवरच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता. आमच्या भागात हे दस्त इतके होतात की मजकूर टायपिस्टला पाठ असतो, फक्त नावं आणि गट नंबर बदलायचे. आत्याला दडपण होतं का? कोणी आवाज चढवला नव्हता. माहेरचं दार बंद होईल असंही कोणी म्हणालं नव्हतं. तिला गणपतीला यायचं होतं, इतकंच. दस्तात ‘दडपण नाही’ असं लिहायची वेळ येते, तेव्हा लिहिणाऱ्याला ते कुठून येतं हे पक्कं माहीत असतं. सेव्हिलच्या नोटरीलाही माहीत होतं.

पण ५९वं कलम बघा. नवरा गैरहजर आहे, लवकर परतायची चिन्हं नाहीत, आणि थांबलं तर नुकसान होईल, अशा वेळी न्यायाधीश चौकशी करून नवऱ्याच्या जागी परवानगी देऊ शकतो. १५०५ साली हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर लढाईवर किंवा जत्रेला गेलेले नवरे असतील. पण दोनच वर्षांपूर्वी, १५०३ साली, सेव्हिलला समुद्रापारच्या ये-जा आणि व्यापारावर देखरेख ठेवणारी कचेरी उघडली होती. लवकरच नवरे हजारोंनी अटलांटिकपलीकडे जाऊ लागले, आणि ‘गैरहजर’ या साध्या अटीत अंदालुसियाच्या गावागावांतल्या बायका बसू लागल्या. नवरा पेरूमध्ये, पत्र वर्षातून एखादं आलं तर आलं, आणि इथे भाऊ वाटणी मागतोय, घराचं छप्पर गळतंय, मुलीचं लग्न आलंय. अशी बाई न्यायाधीशाकडे जायची, नवरा किती वर्षं परागंदा आहे याचे साक्षीदार उभे करायची, आणि स्वतःची किल्ली स्वतः मागून घ्यायची.

राजाला हे पसंत नव्हतं. बायकोला मागे टाकून तिकडे राहणाऱ्या नवऱ्यांनी परत तरी यावं नाहीतर तिला बोलावून तरी घ्यावं, असे हुकूम पुन्हा पुन्हा निघाले. लग्न झालेल्या पुरुषाला एकट्याने जायचं तर बायकोची संमती लागायची, ठरलेल्या मुदतीत परतण्याचा जामीन लागायचा. हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागतात, याचा अर्थ आपल्याला सांगायला नको. पण त्यातून एक फायदा आपला झाला. नवऱ्याकडे जायला बायकोला परवाना लागे, आणि परवान्यासाठी पुरावा म्हणून ती नवऱ्याचं पत्र कचेरीत जोडायची. ती पत्रं सेव्हिलच्या दप्तरखान्यात राहून गेली. त्यांत मेक्सिकोतला किंवा लिमातला एखादा कारागीर बायकोला लिहितो, की घर विकून टाक, देणी फेड, प्रवासाला सोबत बघ, आता ये, इथे भाकरीची ददात नाही. कोणी विनवतो, कोणी धमकावतो, कोणी इतकी वर्षं न लिहिल्याची पानभर कारणं देतो. ज्या बायकांनी पत्रं मिळूनही जायचं नाकारलं, त्यांचे अर्ज अर्थातच नाहीत.

काही नवऱ्यांनी तिकडे दुसरं लग्न लावून घेतलं. इतक्या लांब कोण बघायला येतंय? मग कोणीतरी गाववाला जहाजातून उतरायचा आणि ओळखायचा. लिमाला १५७० आणि मेक्सिकोला १५७१ साली इन्क्विझिशनची न्यायालयं बसली, त्यांच्यापुढे द्विभार्येचे खटले कितीतरी आले. लग्न हा संस्कार, आणि तो दोनदा घेणारा माणूस संस्काराचीच टिंगल करतो, म्हणून हा गुन्हा धर्मन्यायालयाचा. लग्न नक्की झालं की नाही हेही तोवर अनेकदा संदिग्ध असायचं. ‘मी तुझी बायको’, ‘मी तुझा नवरा’ एवढं एकमेकांना म्हटलं की चर्चच्या लेखी लग्न लागलेलं, भले अंधाऱ्या अंगणात का असेना. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने भटजी आणि साक्षीदार सक्तीचे केले. धर्मगुरू म्हणायला हवं, पण माझ्या डोक्यात भटजीच येतो. यात बायकांचं भलं झालं की वाईट, याचं एक उत्तर नाही. शब्द देऊन पळणाऱ्याला आता पकडणं सोपं झालं, आणि बापाला न विचारता लग्न करणं अवघड. मात्र त्याच सभेने दोघांची खुशी असल्याशिवाय लग्न नाही हेही ठासून सांगितलं. पुढे शंभर-दीडशे वर्षं मेक्सिकोत आईबापांच्या विरोधात पोरांच्या बाजूने उभं राहणारं चर्च दिसतं. मग ते हळूहळू बदलत गेलं, आणि १७७६ला राजा कार्लोस तिसरा याने पंचविशीच्या आतल्यांना बापाची संमती सक्तीची केली, ती १७७८ला अमेरिकेतही लागू झाली.

या सगळ्या गैरहजर नवऱ्यांत मला पेद्रो दे व्हाल्दिव्हियाचं प्रकरण सोडवत नाही. स्पेनमधल्या एस्त्रेमादुराचा हा माणूस मारिना ओर्तिस दे गाएते हिला घरी ठेवून १५३५ साली अमेरिकेला गेला. चिलेवर स्वारी केली तेव्हा त्याच्याबरोबर इनेस सुआरेस होती. ती स्वतः आपल्या नवऱ्याच्या शोधात समुद्र ओलांडून आली होती आणि तो मेल्याचं तिला इकडे कळलं. १५४१च्या सप्टेंबरात सान्तियागोवर हल्ला झाला. व्हाल्दिव्हिया गावात नव्हता. बचाव उभा करणाऱ्यांत इनेस पुढे होती, आणि ओलीस ठेवलेल्या स्थानिक सरदारांची मुंडकी उडवण्यातही. ती शूर होती आणि क्रूरही. चिलेतल्या पुतळ्यांना यातलं पहिलंच आवडतं. त्या कामगिरीबद्दल तिला स्वतःच्या नावाने एन्कोमिएन्दा मिळाली, म्हणजे काही गावं आणि तिथल्या लोकांचा वसूल आणि वेठ.

१५४८ साली पेरूत राजाचा प्रतिनिधी पेद्रो दे ला गास्का याच्यासमोर व्हाल्दिव्हियावर आरोपांची यादी वाचली गेली. त्यात ही बाईही होती. निवाडा असा झाला, की त्याने तिच्याबरोबर एका घरात राहू नये आणि परत गेल्यावर सहा महिन्यांच्या आत तिचं लग्न लावून द्यावं किंवा तिला चिलेबाहेर पाठवावं. तिने १५४९ साली त्याच्याच एका सरदाराशी, रोद्रिगो दे किरोगाशी लग्न केलं. पुढे तो चिलेचा राज्यपाल झाला. आणि व्हाल्दिव्हियाने, इतक्या वर्षांनी, बायकोला आणायला माणूस पाठवला. मारिना निघाली. ती पोचायच्या आधीच, १५५३च्या डिसेंबरात, मापुचे लोकांनी तुकापेलला त्याला ठार केलं होतं. जवळजवळ वीस वर्षं वाट बघून ती पोचली ते विधवा म्हणून, आणि वाट्याला आली ती नवऱ्याची कर्जं. निम्म्या कमाईचा हक्क म्हणजे कमाई असेल तर. इनेसचं नाव रस्त्यांना आहे, कादंबऱ्यांना आहे. माझं मन का कोण जाणे मारिनापाशी अडतं, बोटीवर सामान चढवून घेणाऱ्या त्या उतारवयातल्या बाईपाशी.

तिकडे आसुन्सिओनमध्ये, आजच्या पाराग्वायात, इसाबेल दे गेव्हारा नावाच्या बाईने २ जुलै १५५६ला एक पत्र लिहिलं. पत्र राजकन्या हुआनाला (तोर्देसियासची हुआना वेगळी), जी तेव्हा भाऊ फेलिपे दुसरा याच्या वतीने स्पेनचा कारभार पाहत होती. स्वतःही तरुण विधवा. गेव्हारा सांगते, की मी पेद्रो दे मेन्दोसाच्या मोहिमेबरोबर ब्वेनोस आइरेसला आले. पंधराशे माणसं होती, तीन महिन्यांत हजार मेली, भुकेने. पुरुष इतके गळून गेले की सगळी कामं बायकांवर आली. कपडे धुणं, शुश्रूषा, असेल नसेल ते शिजवून घालणं हे तर होतंच, पण पहारा देणं, शेकोट्यांची राखण, धनुष्यं सज्ज करणं, उठता येईल अशा सैनिकांना हाका मारून उठवणं हेही. मग नदीतून वर जाताना बायकांनी गलबतांची शिडं सांभाळली, वल्ही मारली. बायका थोडक्या अन्नावर तग धरतात, असंही ती नोंदवते, कसलाही आव न आणता. आणि मग मुद्द्यावर येते. जमिनीची आणि माणसांची वाटणी झाली, तेव्हा मला काही दिलं नाही. माझ्या नावाने कायमची एन्कोमिएन्दा द्यावी, आणि माझ्या नवऱ्याला योग्यतेची नोकरी द्यावी.

मागणीचा क्रम मला फार आवडतो. पण ती मागत होती ती माणसंच होती, तिथली मूळची ग्वारानी माणसं, त्यांची वेठ. स्पॅनिश बाईच्या हक्कांची गोष्ट सांगताना हे बाजूला ठेवता येत नाही. तिच्या हुंड्याच्या यादीत गुलाम बाई एका ओळीत असते, पलंगाच्या वरच्या किंवा खालच्या. त्या गुलाम बाईलाही चर्चच्या कायद्याने लग्नाचा हक्क होता, आणि नवऱ्याला लांब विकू नका म्हणून मेक्सिकोत अशा जोडप्यांनी अर्ज केलेले आहेत. चिंचोळी का असेना, ती फट त्यांनीही सोडली नाही.

ज्यांचं राज्य गेलं त्यांच्यातली एक बाई या कायद्याच्या अगदी मधोमध सापडली. तेकुइचपोत्सिन, मेक्सिकोचा आस्तेक सम्राट मोक्तेसुमा याची मुलगी. बाप्तिस्म्यानंतर दोन्या इसाबेल मोक्तेसुमा. वयात येते न येते तोच ती तेनोच्तित्लानच्या, म्हणजे आस्तेकांच्या राजधानीच्या, शेवटच्या दोन राजांची राणी झाली होती. पहिला, कुइतलाहुआक, देवीच्या साथीत गेला, दुसऱ्याला, कुआउतेमोकला, मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसने १५२५ साली फासावर चढवलं. पुढच्या वर्षी त्याच कोर्तेसने तिचं लग्न अलोन्सो दे ग्रादोशी लावलं आणि ताकुबाची गावं तिला हुंडा म्हणून दिली. तिच्याच बापाच्या राज्यातली गावं, तिलाच, हुंडा म्हणून. ग्रादो लवकरच मेला, कोर्तेसने तिला आपल्या घरात नेलं, आणि तिच्या पोटी त्याची मुलगी लेओनोर जन्मली, तोवर पेद्रो गायेगो नावाच्या माणसाशी तिचं आणखी एक लग्न लावून झालेलं होतं. गायेगोही गेला. मग हुआन कानो. पाच लग्नं, आणि पहिल्या चारांत तिला कोणी विचारल्याचं दिसत नाही.

कोर्तेसची स्वतःची लग्नाची बायको, कातालिना, १५२२ साली क्यूबातून त्याच्याकडे आली आणि काही महिन्यांतच नोव्हेंबरातल्या एका रात्री अचानक मेली. तिच्या आईने, मारिया दे मार्कायदाने, १५२९ साली त्याच्यावर खुनाचा आरोप केला, आणि लग्नाच्या काळात त्याने जे मिळवलं त्यातला निम्मा वाटाही माहेरच्यांनी मागितला. मेक्सिको जिंकलं ते लग्न चालू असतानाच! संसारातली कमाई म्हणजे भाजीच्या दुकानाचा गल्ला असो की साम्राज्य, कलम एकच. त्या म्हातारीच्या धाडसाला तोड नाही.

इसाबेलकडे परत येते. तिने १५५० साली मृत्युपत्र केलं. घरातल्या स्थानिक गुलामांना मोकळं केलं. दागिने, चांदी, गालिचे मुलींना. ताकुबाचा मोठा भाग थोरल्या मुलाला, ज्यावरून पुढे सावत्र भावंडांत आणि कानोत व्हायचे ते खटले झालेच. आणि इस्टेटीचा पाचवा हिस्सा लेओनोरला. हाच तो पाचवा हिस्सा, जो कायद्याने माणसाच्या मर्जीवर सोडला होता. बाकीचं औरस मुलांचं, त्याला हात लावता येत नव्हता. लेओनोर औरस नव्हती, आईच्या संमतीने आलेलीही नव्हती, आणि आईने तिला जवळ वाढवलं नव्हतं. पण जेवढं स्वतःच्या मर्जीने देता येत होतं तेवढं सगळं तिला दिलं. मृत्युपत्रं पुष्कळ बोलतात, पण हे असं गणित मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मोक्तेसुमाच्या वंशजांना याच जुन्या हक्कांपोटी मेक्सिकोचं सरकार विसाव्या शतकातही पेन्शन देत होतं, १९३४ साली ती बंद झाली.

हे सगळं लांबचं, असं मला वाटायचं. पण १५८० ते १६४० पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजांकडे होती, आणि गोवाही. त्या काळात, १६०३ साली, पोर्तुगालसाठी नवी कायद्याची संहिता लागू झाली, तिला फेलिपेचंच नाव आहे. लग्नाच्या बाबतीत तिने जुनी पोर्तुगीज रीत चालू ठेवली, जी कास्तीलच्या एक पाऊल पुढे होती. लग्नानंतरची कमाईच नव्हे, वेगळा करार केला नसेल तर आधीचंही सगळं निम्मं निम्मं. ही रीत १८६७च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमध्ये उतरली आणि तो कोड १८७० पासून गोव्यात लागू झाला. हिंदूंच्या काही रिवाजांना १८८०च्या हुकुमाने वेगळी सूट होती, पण निम्म्या वाट्याचं तत्त्व रुजलं ते रुजलंच. त्या कोडने मालमत्तेचा कारभार मात्र नवऱ्याकडे दिला होता. घर-जमीन विकायची तरच बायकोची संमती. तोरो ते पणजी, किल्ली तिथल्या तिथेच.

माझी बहीण म्हापशाला दिली आहे. आमच्याकडे बांद्याच्या अलीकडे आत्याची सही लागली ती हक्क सोडायला, आणि पत्रादेवी ओलांडली की भावोजींच्या दुकानाचा गाळा विकताना बहिणीची सही लागली ती मालकीण म्हणून. सबरजिस्ट्रारच्या कचेरीत तिचा फोटो, अंगठा, पान क्रमांक, सगळं भावोजींच्या बरोबरीने. त्या दिवशी तिने मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, की अगो, निम्मं माझं होतं म्हणे! दुसरा गाळा अजून आहे, त्याचं भाडं भावोजींच्या खात्यात जमा होतं. त्यातलं निम्मं तुझ्या खात्यात का नाही, असं मी विचारलं, तर म्हणते, ‘मागितलं तर देतात की.’